वर्षाला पन्नास वेळा : चढत्या समुद्रापुढे थेम्स बॅरियर

२०१३-१४च्या हिवाळ्यात लंडनच्या पूर्वेकडचा थेम्स बॅरियर, म्हणजे समुद्राचे पाणी अडवायला थेम्स नदीवर बांधलेली उघडझाप करणाऱ्या दरवाजांची रांग, पन्नास वेळा बंद करावा लागला. १९८०च्या अख्ख्या दशकात तो चारदा बंद झाला होता, १९९०च्या दशकात ३५ वेळा आणि २०००च्या दशकात ७५ वेळा. २०००च्या दशकातल्या दहा वर्षांच्या कामाच्या दोन-तृतीयांश काम एका मोसमात करावे लागले. शहरात समुद्राचे पाणी शिरले नाही, बॅरियरने आपले काम चोख बजावले. तरीही तो चालवणाऱ्या एन्व्हायर्न्मेंट एजन्सी या सरकारी संस्थेने या आकड्याची धास्ती घेतली, कारण वर्षाला साधारण पन्नास वेळा बंद होणे ही या यंत्रणेच्या झेपेची वरची मर्यादा मानली जाते.

समुद्र या शतकात किती सेंटीमीटर चढेल आणि त्याला अडवायला भिंत किती उंच हवी, यावर भरपूर लिहिले जाते. उघडझाप करणाऱ्या दरवाजांचे दुखणे थोडे वेगळे आहे. पाणी दरवाजावरून ओसंडायला लागण्याच्या कितीतरी आधी तो दरवाजा पुन्हा पुन्हा बंद करण्याची ताकद संपत येते. लंडनच्या पुढच्या शंभर वर्षांच्या आराखड्यातले बरेचसे चमत्कारिक वाटणारे निर्णय या एका गोष्टीतून निघाले आहेत.

१९५३ ते १९८२

३१ जानेवारी १९५३च्या रात्री उत्तर समुद्रात वादळ उतरले. हवेचा दाब कमी झाला की समुद्राची पातळी थोडी फुगते. वर उत्तरेचा सोसाट्याचा वारा पाणी दक्षिणेकडे रेटत होता. उत्तर समुद्र दक्षिणेकडे निमुळता आणि उथळ होत जातो. रेटलेल्या पाण्याला पसरायला जागा उरत नाही, ते वर चढते. त्यात उधाणाची भरती. इंग्लंडच्या किनाऱ्यावर ३०७ माणसे दगावली, नेदरलंड्समध्ये १,८३६. लंडनचा मध्यभाग त्या रात्री थोडक्यात बचावला; १९२८च्या जानेवारीत मात्र तिथेच नदी काठावरून तळघरांत शिरली होती आणि १४ जण बुडाले होते.

१९५४ साली या पुरानंतर नेमलेल्या वेव्हर्ली समितीने नदीवर बंद करता येईल असा अडसर उभारण्याची शिफारस केली. तिथून गाडी अडली ती जहाजांपाशी. त्या काळी मोठी मालवाहू जहाजे थेट लंडनच्या आतल्या गोद्यांपर्यंत जात, त्यामुळे बंदराच्या लोकांना खूप रुंद मोकळा गाळा हवा होता आणि तेवढ्या रुंदीचा दरवाजा खर्चात आणि बांधणीत आवाक्याबाहेर जात होता. सुटका झाली ती कंटेनरमुळे. मालवाहतूक कंटेनरने होऊ लागली, मोठी जहाजे खाली, समुद्राच्या बाजूला, टिलबरीला थांबू लागली, आतल्या गोद्या १९६०च्या दशकाच्या अखेरीपासून एकेक करून बंद पडल्या. ६१ मीटरचा गाळा पुरेसा ठरला. भविष्यातील बदलांचा विचार म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे फक्त हवामान येते. या बॅरियरचा आकार आणि जागा मात्र बंदराच्या धंद्यातल्या बदलाने ठरली.

खगोलशास्त्रज्ञ हर्मन बाँडी यांचा अहवाल १९६७मध्ये आला, कायदा १९७२मध्ये झाला, बांधकाम १९७४मध्ये सुरू झाले आणि ऑक्टोबर १९८२मध्ये बॅरियर चालू झाला. फेब्रुवारी १९८३मध्ये तो पहिल्यांदा खऱ्या उधाणाविरुद्ध बंद झाला. राणी एलिझाबेथ यांच्या हस्ते औपचारिक उद्घाटन व्हायला ८ मे १९८४ उजाडला. ज्या आपत्तीने निकड पटली ती आणि चालू झालेला दरवाजा यांत २९ वर्षे गेली. आणि हे अशा देशात, जिथे पैसा होता, अभियंते होते आणि आपत्तीची आठवण ताजी होती.

दरवाजा आणि त्याचे वेळापत्रक

वूलिचजवळ नदीच्या ५२० मीटर रुंदीत काँक्रीटचे खांब उभे आहेत आणि त्यांच्यामधल्या गाळ्यांत दहा दरवाजे आहेत. चार मुख्य गाळे प्रत्येकी ६१ मीटर, आणखी दोन साधारण त्याच्या निम्मे. काठालगतच्या चार गाळ्यांतून जहाजे जात नाहीत, त्यांचे दरवाजे वरून खाली उतरतात. मुख्य दरवाजा पोकळ पोलादाचा, उभा केल्यावर २० मीटरहून उंच, वजन तीन हजार टनांच्या पुढे. आडवा कापून पाहिला तर वर्तुळाचा एक तुकडा दिसेल: एक बाजू सपाट, एक गोलाकार. एरवी तो नदीच्या तळाशी काँक्रीटच्या खोबणीत सपाट बाजू वर करून पडलेला असतो आणि जहाजे त्याच्यावरून जातात. त्याच्या दोन्ही टोकांना खांबांवर बसवलेल्या प्रचंड पोलादी चकत्या आहेत. हायड्रॉलिक यंत्रणा त्या चकत्या फिरवते. पाव फेरा झाला की दरवाजा उभा. अर्धा फेरा केला की सगळा दरवाजा पाण्याबाहेर येतो आणि रंगकाम, दुरुस्ती, तपासणी तिथेच करता येते. ही फिरणाऱ्या दरवाजाची कल्पना चार्ल्स ड्रेपर या अभियंत्याची. सरळ वर उचलायचे दरवाजे केले असते तर जहाजांच्या डोलकाठ्या खालून जाव्यात म्हणून नदीत उंच मनोरे उभारावे लागले असते.

दरवाजा फिरायला पंधराएक मिनिटे लागतात, सगळा बॅरियर बंद व्हायला सुमारे दीड तास. पण एका बंदीचा, म्हणजे एकदा बॅरियर बंद करण्याचा, हिशेब दीड तासाचा नसतो. अंदाज दीड दिवस आधीपासून हाती येऊ लागतो. बंदर प्राधिकरण जहाजांना कळवते, वाहतूक थांबते. ओहोटी पूर्ण झाली की लगेच, म्हणजे पुढची भरती शिगेला पोहोचण्याच्या चारेक तास आधी, दरवाजे फिरवायला घेतात. इतक्या लवकर का? वरून येणाऱ्या नदीच्या पाण्याला बंद दरवाजामागे साठायला जागा हवी. ओहोटीला नदी रिकामी असते, तेव्हा ती जागा सगळ्यात जास्त मिळते. दुसरे म्हणजे, भरतीचा लोंढा वेगात असताना त्याच्या तोंडावर दार लावले तर पाणी आपटून उलट फिरते आणि खालच्या काठांवर चढते. बंद झालेला बॅरियर मग दोन्ही बाजूंचे पाणी एका पातळीला येईपर्यंत तसाच राहतो. एका उधाणापायी नदी कित्येक तास अडकते आणि नियंत्रण कक्षातल्या माणसांची पाळीवर पाळी जाते.

हीच युक्ती दुसऱ्या कामालाही वापरली जाते. वरच्या खोऱ्यात मुसळधार पाऊस झाला आणि नदी फुगून आली की ओहोटीला बॅरियर बंद करून भरती बाहेर ठेवतात. भरतीने व्यापली असती ती जागा पुराच्या पाण्याला मिळते आणि रिचमंड, ट्विकनहॅमसारख्या पश्चिमेकडच्या भागांतली पातळी खाली राहते. २०१३-१४च्या पन्नास बंद्यांपैकी ४१ या कारणासाठी होत्या. समुद्रासाठीच्या केवळ नऊ. त्यांपैकी एक ५ डिसेंबर २०१३ची, १९५३नंतरच्या सर्वांत मोठ्या उधाणाची.

२०३०चा गैरसमज

थेम्स बॅरियर २०३०पर्यंतच टिकेल, असे अजूनही वाचायला मिळते. मूळ संकल्पना करताना अभियंत्यांनी २०३० साल हिशेबासाठी धरले होते. त्या सालापर्यंत समुद्र दरवर्षी ८ मिलिमीटर या वेगाने चढेल असे मानून, २०३०मध्येसुद्धा हजार वर्षांतून एकदा येणारे उधाण अडवता येईल इतकी उंची दरवाजांना दिली. त्यानंतर संरक्षणाची पातळी हळूहळू घटत जाणार होती. दार २०३१ साली निकामी होणार नव्हते. प्रत्यक्षात समुद्र तितक्या वेगाने चढला नाही. त्यामुळे आजच्या समजुतीनुसार बॅरियर २०७०पर्यंत काम देऊ शकतो, अट इतकीच की त्याला जपून वापरायचे.

ही उसंत कायमची नाही. हवामान बदलावरील आंतरसरकारी मंडळाच्या २०२१च्या अहवालानुसार जगाची समुद्रपातळी २००६ ते २०१८ या काळात वर्षाला ३.७ मिलिमीटरने चढत होती आणि हा वेग वाढतो आहे. ब्रिटनच्या २०१८च्या हवामान अंदाजांत लंडनसाठी २१००पर्यंतची वाढ उत्सर्जन कमी राहिल्यास साधारण ०.२९ ते ०.७० मीटर आणि जास्त राहिल्यास ०.५३ ते १.१५ मीटर दिली आहे. शिवाय हिमयुगातला बर्फ वितळल्यापासून ब्रिटनची जमीन अजून सावरते आहे: उत्तर वर येते, आग्नेय भाग किंचित खचतो. लंडन चुकीच्या बाजूला आहे.

झीज कुठे होते

समजा, दर वेळी बंद करताना काहीतरी बिघडून दार उघडे राहण्याची शक्यता दहा हजारांत एक आहे. (आकडा फक्त समजावण्यासाठी घेतला आहे.) वर्षाला पाच बंद्या असतील तर असा प्रसंग सरासरीने दोन हजार वर्षांत एकदा येईल. पन्नास असतील तर दोनशे वर्षांत एकदा. दरवाजा तोच, त्याची उंची तीच, यंत्रे तितकीच विश्वासू; तरीही शहराचे संरक्षण दसपट विरळ झाले. त्यातून बंद्या वाढल्या की देखभालीला मोकळे दिवस मिळत नाहीत, आणि देखभाल हुकली की दहा हजारांत एक हा आकडाही तसाच राहत नाही. सगळे दुखणे हिवाळ्यातच एकवटते, कारण उधाणे आणि पूर दोन्ही त्याच महिन्यांत येतात.

जहाजांची बाजूही आहे. नदीवर वाहतूक चालू राहावी म्हणून तर भिंतीऐवजी दार बांधले. २७ ऑक्टोबर १९९७ रोजी दाट धुक्यात ‘सँड काईट’ नावाचे वाळू-खडी वाहणारे जहाज बॅरियरच्या एका खांबावर आदळले, तीन हजार टनांहून अधिक खडी नदीत ओतून नाकाडावर बुडाले आणि एका दरवाजाच्या वर काही दिवस पडून राहिले. त्या दिवसांत मोठे उधाण आले नाही.

आता मुद्द्याची गोष्ट. बॅरियर कधी बंद करायचा, हे ठरते त्याच्या वरच्या बाजूला, म्हणजे शहरात, नदीकाठच्या भिंती किती उंच आहेत यावरून. भिंती सांभाळू शकतील इतकी भरती आत येऊ देतात. त्याहून जास्त येणार असेल तर दार लावतात. समुद्र चढला की नेहमीची भरतीच त्या मर्यादेच्या जवळ सरकते आणि पूर्वी वर्षातून एखाद्या वेळी मर्यादा ओलांडणारे पाणी आता दर उधाणाच्या भरतीला ओलांडू लागते. ही वाढ सरळ रेषेत होत नाही. समुद्राची सरासरी पातळी थोडीशी चढली तरी बंद्यांची संख्या कित्येक पटींनी वाढू शकते.

म्हणून शहरातल्या भिंती उंच करायच्या. बॅरियरच्या आड सुरक्षित असलेल्या भिंती वाढवणे हा प्रथमदर्शनी वाया खर्च वाटतो. पण अर्धा मीटर उंच भिंत म्हणजे अर्धा मीटर जास्त भरती बिनदिक्कत आत येऊ देता येते, आणि तितक्या बंद्या वाचतात. दार जपण्यासाठी भिंती वाढवायच्या, हा या आराखड्यातला मला सर्वांत अस्सल वाटलेला विचार आहे.

आराखडा

‘थेम्स एस्चुअरी २१००’ या नावाने २००२मध्ये अभ्यास सुरू झाला आणि २०१२मध्ये सरकारने आराखडा प्रसिद्ध केला. टेडिंग्टनपासून, जिथपर्यंत भरती पोहोचते, खाली शूबरीनेस आणि शीअरनेसपर्यंतचा पट्टा त्यात येतो. आजच्या हिशेबाने तिथे १४ लाख माणसे आणि ३२१ अब्ज पौंडांची मालमत्ता पुराच्या छायेत आहे, आणि त्यांचे रक्षण ३३० किलोमीटर भिंती व बंधारे, थेम्स बॅरियर आणि उपनद्यांवरचे लहान बॅरियर मिळून करतात.

आराखडा करणाऱ्यांपुढे नेहमीचा पेच होता. मूळ नियोजन शतकाअखेर ९० सेंटीमीटर वाढ धरून केले. पण ध्रुवीय बर्फाने वाईटात वाईट वागणूक केली तर उधाणाचे पाणी २.७ मीटरपर्यंत चढू शकेल, असाही एक टोकाचा अंदाज तेव्हा मांडला होता. ९० सेंटीमीटरसाठी बांधावे तर कमी पडण्याची भीती, २.७ मीटरसाठी बांधावे तर अब्जावधी पौंड कदाचित कधीच न येणाऱ्या पाण्यासाठी घालायचे. त्यांनी एक उंची निवडायचे नाकारले. त्याऐवजी पर्याय ओळीने मांडले: आहेत त्या भिंती आणि बॅरियर सुधारणे, भरतीचे जास्तीचे पाणी साठवायला खालच्या भागात मोकळी जमीन राखणे, डार्टफर्डजवळ लाँग रीच येथे किंवा आणखी खाली टिलबरीला नवा बॅरियर बांधणे, आणि अगदी टोकाला, जहाजांसाठी बंद-उघड कक्ष असलेला कायमचा बांध घालणे. प्रत्येक पर्याय किती पाण्यापर्यंत पुरेल आणि तो उभा करायला किती वर्षे लागतील, हे काढले. मग समुद्राची सरासरी पातळी, उधाणांची उंची, नदीचे पूर, भिंतींची अवस्था, बॅरियर किती वेळा बंद होतो, काठावर किती बांधकाम वाढले, अशा दहा खुणांवर नजर ठेवायची. खूण अमुक पातळीला पोहोचली की पुढच्या पर्यायाचे काम सुरू. समुद्र लवकर चढला तर तारखा अलीकडे ओढायच्या, उशिरा चढला तर पुढे ढकलायच्या.

सध्याच्या बॅरियरमध्येही थोडी शिल्लक आहे. दरवाजा उभ्या स्थितीच्या किंचित पुढे फिरवला तर त्याची वरची कड आणखी उंच येते. बदल्यात खालून थोडे पाणी निसटते, पण ते आत मावते. नवा दरवाजा न बांधता उंची वाढवण्याचा हा मार्ग आहे. अर्थात बंद्यांची संख्या त्याने कमी होत नाही, म्हणून एकट्याने तो फार पुरणार नाही.

२०२३मध्ये आराखड्याची पहिली मोठी उजळणी झाली आणि तारखा खरोखरच अलीकडे आल्या. बॅरियरच्या वरच्या बाजूच्या भिंती २०६५पर्यंत वाढवायच्या होत्या. आता त्या २०५०पर्यंत वाढवायच्या आहेत, म्हणजे १५ वर्षे आधी. शतकाअखेरचा पर्याय कोणता, हे ठरवण्याची मुदत २०५०वरून २०४०वर आली. निवडलेला पर्याय २०७०पर्यंत उभा हवा. २०४० ते २०७० म्हणजे तीस वर्षे. पहिल्या वेळचा अनुभव पाहता ही मुदत ऐसपैस म्हणता येणार नाही.

लवचिक आराखडा म्हटला की माझ्या मनात पहिली शंका येते ती चालढकलीची. ‘परिस्थिती पाहून ठरवू’ हे वाक्य सरकारी फाइलीत फार सोयीचे असते. २०२३च्या उजळणीने निदान एकदा तरी, खुणा बदलल्यावर तारीख पुढे न जाता अलीकडे येऊ शकते, हे दाखवले. कागदावर तरी.

भिंत कोणाची

कागदावरून काठावर आले की चित्र बदलते. थेम्सकाठची भिंत सलग सरकारी मालमत्ता नाही. १८७९च्या कायद्यापासून आपापल्या वाट्याची पूरभिंत राखण्याची जबाबदारी काठाच्या मालकावर आहे. हा मालक कुठे नगरपालिका, कुठे गोदामवाला, कुठे निवासी संकुल. भिंत अर्धा मीटर वाढवायची म्हणजे वर विटांचे चार थर चढवायचे असे नसते. नदीकाठच्या बऱ्याच भिंती म्हणजे गाळात ठोकलेले पोलादी पत्रे आहेत, मागे जमिनीत पुरलेल्या सळयांनी ओढून धरलेले. उंची वाढली की पाण्याचा रेटा वाढतो, मग सळया, पाया, कधी अख्खी भिंत नव्याने करावी लागते. भिंतीला लागून इमारत असेल तर यंत्र उभे करायलाही जागा नाही. तळमजल्याच्या खिडकीतून आणि फिरायच्या वाटेवरून नदी दिसेनाशी होते ती वेगळीच.

आराखड्याने म्हणून काठाच्या प्रत्येक नगरपालिकेला नदीकाठाचे धोरण करायला सांगितले आहे: भिंत वाढवताना वाट उंच करावी, मागे सरकावी, चिखलपट्ट्यांना आणि पाखरांना जागा सोडावी. नवी इमारत उभी राहतानाच भिंत वाढवून घेणे सर्वांत स्वस्त. पण ज्या तुकड्यावर २०५०च्या आत काही नवे बांधायचेच नाही, तिथल्या मालकाकडून हे काम कोण आणि कशाच्या बळावर करून घेणार? साखळीतली एकच कडी जुन्या उंचीवर राहिली तर बॅरियर त्या कडीच्या हिशेबाने बंद करावा लागेल आणि बाकीच्यांनी केलेल्या खर्चाचा बंद्या वाचवण्यासाठी काही उपयोग नाही. या प्रकरणातले सर्वांत अवघड काम मला हेच वाटते. नव्या बॅरियरचे पोलाद त्यामानाने सोपे.

ट्विकनहॅमचे काय

बंद्या वाचवायच्या तर सर्वांत मोठा वाटा उघड आहे: नदीच्या पुरासाठी होणाऱ्या बंद्या. आराखड्याची दिशाही तीच आहे. पश्चिम लंडनच्या पुरासाठी बॅरियर वापरणे कमी करत न्यायचे, म्हणजे त्याची ताकद समुद्रासाठी राखली जाईल.

हिशेब बिनतोड आहे. समुद्राच्या उधाणात मध्य लंडन बुडाले तर नुकसान अतोनात. ट्विकनहॅमच्या काठच्या घरांत नदी शिरली तर नुकसान मोजता येण्यासारखे. पण ज्यांच्या घरात ती शिरेल त्यांना ४० वर्षे एक संरक्षण मिळाले. त्यांच्यासाठी ते मुळात बांधले नव्हते, कोणी तसे वचनही दिले नव्हते. हळूहळू तो रिवाज झाला, त्या भरवशावर घरे घेतली गेली, तळघरे खणली गेली. आता ते संरक्षण काढून घ्यायचे आहे आणि बदल्यात स्थानिक उपाय, घरांच्या दारांना पाणी अडवणाऱ्या फळ्या, वेळेवर इशारे असे काही द्यायचे आहे. बंदीचा निर्णय तेव्हा नियंत्रण कक्षात घेतला जाईल: एकीकडे नदी फुगलेली, दूरचित्रवाणीवर होड्यांतून नेली जाणारी माणसे, दुसरीकडे एक कळ दाबली की ती पातळी खाली येऊ शकते हे सगळ्यांना ठाऊक. अशा वेळी ‘या वर्षीचा कोटा संपला’ असे सांगणारा अधिकारी किती टिकेल, याबद्दल मला शंका आहे. हा बदल टिकवायचा असेल तर पश्चिमेकडचे पर्यायी काम आधी पूर्ण झालेले असायला हवे.

व्हेनिसकडे एक नजर

बंद्यांचे गणित लंडनपुरते नाही. व्हेनिसच्या खाजणाच्या तीन तोंडांवर ‘मोझे’ या पूर अडवणाऱ्या यंत्रणेचे ७८ दरवाजे आहेत, ३ ऑक्टोबर २०२० रोजी ते पहिल्यांदा खऱ्या उधाणाविरुद्ध उचलले गेले. २०१९च्या नोव्हेंबरात शहरात १८७ सेंटीमीटर पाणी चढले होते, त्या अनुभवानंतर ते दृश्य तिथल्या लोकांना चमत्कारासारखे वाटले असणार. पण ११० सेंटीमीटरच्या आसपास दार लावायचे ठरल्यावर आणि समुद्र चढत असताना बंद्यांची संख्या वाढतच जाणार. तिथे खाजणाचे पाणी समुद्राशी खेळते राहण्यावर सगळे जीवन अवलंबून आहे, बंदरही आतच आहे. लंडनकडे शहरातल्या भिंती वाढवून बंद्या कमी करण्याची सोय आहे. व्हेनिसला प्राचीन चौक आणि उंबरे वर उचलता येत नाहीत.

खुणा वाचणे

खुणांवर चालणाऱ्या आराखड्याचा कच्चा दुवा म्हणजे खुणा. समुद्राची सरासरी पातळी मोजणे त्यातल्या त्यात सोपे. पण उधाणे खरोखर वाढली का, हे सांगायला दशके जातात, कारण एखादा वादळी हिवाळा आणि बदललेले हवामान यांत फरक करायला भरपूर वर्षांची नोंद लागते. बंद्यांचा आकडा तर आणखी फसवा. १९८०च्या दशकातल्या चार आणि २०००च्या दशकातल्या ७५ यांची तुलना करून समुद्र किती चढला ते सांगता येत नाही, कारण मधल्या काळात नदीच्या पुरासाठी बॅरियर वापरण्याची पद्धत वाढली. २०१४नंतरची काही वर्षे शांत गेली, त्यावरून धोका टळला असेही म्हणता येत नाही.

राखण करणारी संस्था हीसुद्धा एक खूण धरायला हवी होती, असे मला वाटते. बॅरियर बांधला ग्रेटर लंडन कौन्सिलने; ती १९८६मध्ये बरखास्त झाली. मग तो थेम्स वॉटर अथॉरिटीकडे गेला, तिथून नॅशनल रिव्हर्स अथॉरिटीकडे, आणि १९९६पासून एन्व्हायर्न्मेंट एजन्सीकडे आहे. पहिल्या पंधरा वर्षांत चार मालक. २०४०चा निर्णय घेणारी आणि २०७०ला नवे दार चालू करणारी संस्था कदाचित आज अस्तित्वातही नसेल, तरी तिच्यासाठी जागा मात्र आजच राखून ठेवायला हवी.

त्या जागेवरच बरेच काही अवलंबून आहे. आजवरच्या अभ्यासात शतकाअखेरसाठी लाँग रीचचा नवा बॅरियर आघाडीवर राहिला आहे. तो झाला तर वूलिचपासून डार्टफर्डपर्यंतचा काठ, जो आज बॅरियरच्या बाहेर आहे, आत येईल आणि तिथल्या भिंती वाढवण्याचा पुढचा खर्च वाचेल. मात्र दोन्ही काठांवर दरवाजाच्या टोकांसाठी लागणारी जमीन तोवर गोदामे आणि घरांनी भरता कामा नये, आणि नदीकाठच्या जमिनीला मागणी असताना तीस-चाळीस वर्षे ती मोकळी ठेवणे कुठल्याही नगरपालिकेला सोपे नाही. लाँग रीचच्याही खाली टिलबरी आहे, आणि त्याखाली कॅनव्ही बेट, जिथे १९५३मध्ये पन्नासहून अधिक माणसे बुडाली. नवे दार लाँग रीचला आले तरी ही दोन्ही ठिकाणे त्याच्या समुद्राकडच्या बाजूलाच राहतील; तिथली भिस्त मुख्यतः भिंतींवरच राहील, म्हणून तिथल्या भिंतींच्या उंचीला २०४०च्या निर्णयाची वाट पाहता येणार नाही.